अलिबाग, रत्नागिरी की ओरोस? कोकणातला जिल्हा निवडण्याआधी

सरकारी भरतीच्या अर्जात जिल्ह्याचा रकाना आला की बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: जागा किती आणि मागच्या वेळी कटऑफ किती लागला. घाटावरच्या मुलांना तिसरा मोह असतो, समुद्राचा. मी लातूरकडचा, मीही त्यात पडलो होतो. रत्नागिरीत सहा वर्षं आणि अलिबागला चार वर्षं काढली. सिंधुदुर्गच्या ओरोसला मुक्काम असा नाही झाला, पण बैठकांच्या निमित्ताने इतक्या खेपा झाल्या की तिथला चहावाला मला तिथलाच समजत असे. समुद्राचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात तो रोज दिसतो. वर्षभरानंतर पाहुणे आले की दिसतो.

आधी एक मुद्दा, जो कोचिंग क्लासमध्ये कुणी सांगत नाही. माझं पद राज्यस्तरीय, त्यामुळे बदली झाली की बिऱ्हाड उचललं. तुमची ज्येष्ठता यादी जिल्ह्याची असेल, उदाहरणार्थ ग्राम महसूल अधिकारी किंवा जिल्हा परिषदेचा शिक्षक, तर पुढे स्वतःच्या विनंतीवरून जिल्हा बदलला की साधारणपणे नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळापासून सुरू होते. शिवाय तिथल्या बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणानुसार लावलेल्या जागांच्या यादीत, जागा रिकामी हवी. म्हणजे 'आधी लागू तर दे, मग बघू' हे म्हणणं सोपं, निभावणं महाग.

आता गावं. अलिबाग, म्हणजे रायगडचं मुख्यालय, हे मुंबईचं अंगण आहे, आणि त्याचे सगळे फायदे-तोटे तिथे आहेत. गेटवेवरून मांडव्याला लाँचने तासभर, तिथून बसने अलिबाग. पावसाळ्यात ही लाँच बंद होते. तेव्हा आधार भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणाऱ्या, गाड्याही नेणाऱ्या रो-रो बोटीचा, ती २०२० साली सुरू झाली. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही, गाडी धरायला पेणला जावं लागतं. पेण-खोपोलीमार्गे पुणेही आवाक्यात आहे. पाच दिवसांचा आठवडा २०२० च्या फेब्रुवारीअखेर लागू झाला, तेव्हापासून शुक्रवारी सव्वासहाला दप्तर मिटून रात्री मुंबईत जेवणारे सहकारी मी पाहिलेत. मात्र रुग्णालय, पोलीस, शाळा अशा ठिकाणी असाल तर तो हिशोब तुम्हाला लागू नाही.

खरी अडचण घरभाड्याची. घरभाडे भत्त्याच्या वर्गवारीत मुंबई-पुणे एक्स गटात, आणि अलिबाग, रत्नागिरी, ओरोस तिन्ही झेडमध्ये. सातव्या वेतन आयोगाच्या सुरुवातीला एक्सला मूळ पगाराच्या २४ टक्के होते आणि झेडला ८. महागाई भत्त्याबरोबर दोन्ही आकडे वाढतात, पण तिपटीचा फरक तसाच राहतो. अलिबागची भाडी मात्र या वर्गवारीला जुमानत नाहीत. शनिवार-रविवारच्या पर्यटकांना खोल्या देऊन घरमालक जे कमावतो, त्याच्याशी तुमची स्पर्धा. अकरा महिन्यांचा करार संपायला आला की डिसेंबरच्या तोंडावर 'आमच्या भाच्याचं लग्न ठरलंय, घर लागेल' असं आम्हाला दोनदा ऐकावं लागलं. भाचे दोन होते की एकच, देव जाणे.

रत्नागिरीचं गणित वेगळं. हे स्वतःच्या पायावर उभं असलेलं गाव आहे. कॉलेजं आहेत, नाट्यगृह आहे, मिरकरवाड्याचं बंदर आहे, थिबा राजाचा राजवाडा आहे. रविवारी गाव रिकामं होत नाही, नवख्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते, रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबई गाठता येते. स्टेशन मात्र गावाबाहेर आहे, रिक्षाचे पैसे वेगळे धरा. गणपतीत आरक्षणाची आशा सोडा. साठ दिवस आधी खिडकी उघडते आणि चहा निवायच्या आत प्रतीक्षायादी लागते. माझ्यासारख्या मराठवाड्याच्या माणसाला दुसरा रस्ता जास्त कामाचा: आंबा घाट चढून कोल्हापूर, पुढे सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर. हाच महामार्ग पुढे नागपूरपर्यंत जातो. अंतर मोठं आहे, पण मुंबईला वळसा पडत नाही.

ओरोस, म्हणजे सिंधुदुर्गनगरी, हे गाव कमी आणि वसवलेलं मुख्यालय जास्त. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्यानंतर कचेऱ्यांसाठी ही नगरी उभी राहिली. ती किनाऱ्यावर नाही, समुद्रासाठी मालवणला जायचं. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की रस्ते सामसूम, कारण बरेच कर्मचारी कुडाळ किंवा कणकवलीत राहतात. तुम्हीही तेच करा. भाडं परवडतं, बाजार आहे, एसटी आणि गाड्या आहेत. मुंबईची वंदे भारत कणकवलीला थांबते, ओरोसच्या स्टेशनात नाही. शांतता आवडणाऱ्याला यासारखी जागा नाही. एकट्या, अविवाहित माणसाला मात्र इथले पहिले सहा महिने जड जातात.

दवाखान्यांचा मुद्दा तरुणपणी सुचत नाही, आई-वडील सोबत आले की सुचतो. तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे: अलिबाग आणि सिंधुदुर्गात २०२१ पासून, रत्नागिरीत २०२३ पासून. तरीही मोठं दुखणं आलं की लोक अजून वाटेलाच लागतात. अलिबागचे नवी मुंबईला, रत्नागिरीचे कोल्हापूर किंवा मुंबईला, सिंधुदुर्गचे गोव्यात बांबोळीला. आंबा घाटातून रुग्णवाहिका नेण्याची कल्पना जुलैतली करा, जानेवारीतली नको.

शाळा तिन्हीकडे चांगल्या. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ बहुतेक वेळा पहिलं असतं, पण त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच येतात, रायगड मुंबई मंडळात आहे. पुढच्या क्लासेससाठी मुलं बाहेर जातात, हेही खरं.

पावसाबद्दल ऐकून असाल, पण रत्नागिरीचा वर्षाचा पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या पुढे जातो म्हणजे काय, ते कपाट उघडल्यावर कळतं. चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी, पुस्तकांना कुबट वास, मीठ पाण्यासारखं. दुचाकीला खाऱ्या हवेने गंज धरतो, म्हणून किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर आत घर घ्या. इन्व्हर्टर ही चैन समजू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर काही गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. शिवाय एवढ्या पावसानंतरही मे महिन्यात विहिरी तळ दाखवतात. घर बघायला गेलात की आधी पाण्याचं विचारा, समुद्र खिडकीतून दिसतो का ते नंतर.

एवढं करूनही जिल्हा म्हणजे मुख्यालय नव्हे, हे विसरू नका. रायगड निवडलात तर पंधरा तालुक्यांत पनवेलही येतं आणि पोलादपूरही. रत्नागिरीच्या नऊ तालुक्यांत मंडणगड आहे, तिथून जिल्ह्याच्या गावी यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. सिंधुदुर्गचे आठच तालुके, दोडामार्ग मिळालं तरी ओरोसला जाऊन त्याच दिवशी परतता येतं. नवीन माणसाला पहिली नेमणूक बहुधा आडवळणाचीच मिळते, तेव्हा तीन मुख्यालयांपेक्षा तीन जिल्ह्यांतल्या सगळ्यात वाईट तालुक्यांची तुलना जास्त उपयोगी.

माझा कौल असा. घरची माणसं मुंबई-पुण्यात असतील आणि जोडीदाराची नोकरी तिकडेच असेल तर अलिबाग, भाडं सोसूनही. दोघांनी एकाच गावात संसार थाटायचा असेल, किंवा गाव दक्षिण महाराष्ट्रात वा मराठवाड्यात असेल, तर रत्नागिरी. पैसे साठवायचे असतील, गर्दीचा कंटाळा असेल, तर सिंधुदुर्ग. मला आज पुन्हा विचारलं तर मी डोळे झाकून रत्नागिरी लिहीन. बायको अलिबागच म्हणते, पण तिचं माहेर पेणचं आहे.