लॉनसाठी १९:१९:१९ घ्यावं का?

अहिल्यानगरला सावेडीत आमच्या बंगल्यापुढे साधारण पाचशे चौरस फुटांचं लॉन आहे, सिलेक्शन वन जातीचं. माती काळी, चुनखडीची. पाणी बोअरचं आणि जड. लॉनला खत मागितलं की कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ चं, म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी १९ टक्के असलेल्या खताचं, किलोचं पाकीट पुढे येतं. मी ते बरीच वर्षं वापरते आहे. चांगलं आहे, पण ज्या कामाचं आहे त्याच कामाला.

पाण्यात ते पूर्ण विरघळतं, पंपाचं नोझल तुंबत नाही. लिटरला ५ ग्रॅम या हिशोबाने, कापणीनंतर दोन दिवस जाऊ देऊन, ऊन उतरल्यावर फवारलं की आठवड्याभरात पात्यांवर तजेला येतो. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपातलं असतं, म्हणून दुपारच्या उन्हात किंवा कोरड्या मातीवर देऊ नका, टोकं करपतात. साधा युरिया स्वस्त पडतो, हे खरं. पण अनुदानाची ती ४५ किलोची गोणी शेतकऱ्यासाठी आहे. पेरणीच्या दिवसांत तिच्यासाठी रांगा लागतात, तेव्हा अंगणातल्या गवतासाठी ती उचलणं मला पटत नाही.

आता हिशोब करू. वाढीच्या दिवसांत गवताला एका वेळी चौरस मीटरला साधारण ५ ग्रॅम नत्र लागतं. पाचशे चौरस फूट म्हणजे ४६ चौरस मीटर, म्हणजे २३० ग्रॅम नत्र. दहा लिटरच्या एका पंपात आपण ५० ग्रॅम खत टाकतो, त्यात नत्र जेमतेम साडेनऊ ग्रॅम! फवारणीने रंग खुलतो, पोट भरत नाही. बरं, सगळी गरज यातूनच भागवायची म्हटली तर सव्वा किलो खत लागेल आणि नत्राएवढंच स्फुरदही मातीत जाईल. जुन्या, दाट बसलेल्या लॉनला एवढं स्फुरद नको असतं. आमच्यासारख्या चुनखडीच्या मातीत तर लोह आधीच गवताला मिळत नाही, त्यात स्फुरद साठलं की आणखी अडतं.

हे नीट समजून घ्या, कारण पिवळं लॉन दिसलं की लोक खताचा मारा वाढवतात. सगळं गवत फिकट असेल आणि जुनी पाती आधी पिवळी पडली असतील, तर नत्र कमी आहे. नवी पाती पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, म्हणजे लोह कमी आहे, उसावर येतो तसा केवडा. त्याला १९:१९:१९ चा काहीच उपयोग नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत), त्यात थोडं लिंबू पिळून फवारा. दोन्ही एकाच पंपात कालवू नका, लोह आणि स्फुरद एकमेकांना धरून साका होतो. आणि शहाबादी फरशीवर थेंब पडला तर लगेच धुवा, गंजाचा डाग निघत नाही.

पोटाला माझी पसंती निंबोळी पेंडीला. तिच्यात नत्र चार-पाच टक्केच, पण ते सावकाश सुटतं. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की पाच किलो पेंड चाळलेल्या गांडूळखतात मिसळून पसरते, पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा. वास दोन दिवस येतो, नातवंडांना तेवढे दिवस गच्चीवर खेळायला लावायचं. नियमित कापत असाल तर बारीक कातरण तिथेच पडू द्या, त्यातलं नत्र परत मातीलाच मिळतं. डिसेंबर-जानेवारीत नगरच्या थंडीने गवत थबकतं, तेव्हा मी काहीच देत नाही.

तेव्हा १९:१९:१९ ला माझे पाचपैकी साडेतीन. सणाच्या आधी, किंवा जास्त खोल कापलं गेल्यावर उभारी द्यायला उत्तम. एकमेव खत म्हणून नाही. घेताना पाकिटावर शंभर टक्के विद्राव्य लिहिलंय का ते बघा. नर्सरीत ‘लॉन स्पेशल’ म्हणून छोट्या पुड्या मिळतात, त्यांच्या मागचे आकडे वाचा. मी पाहिलेल्या एका पुडीवर हेच तीन एकोणीस होते आणि किलोमागे भाव दुपटीहून जास्त. पाकीट फोडलं की उरलेलं घट्ट झाकणाच्या बरणीत ओता, पावसाळ्यात हवा लागली की त्याचा दगड होतो.