मराठी संकेतस्थळासाठी परदेशी होस्टिंग : सिंगापूर, नेदरलँड्स की आइसलँड?

परदेशी होस्टिंग (म्हणजे संकेतस्थळ साठवून ते वाचकांना पुरवणाऱ्या सर्व्हरवरची भाड्याची जागा) घ्यावे का, असे विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा दोन गरजा एकमेकींत मिसळलेल्या असतात. कुणाला माफक पैशांत भक्कम सर्व्हर हवा असतो, तर कुणाला आपल्या लेखाविरुद्ध खोटी तक्रार आली तरी तो रातोरात उतरवला जाऊ नये, एवढा भरवसा हवा असतो. या दोहोंची उत्तरे वेगवेगळ्या देशांत सापडतात. म्हणून दरपत्रक उघडण्यापूर्वी आपली गरज कोणती, ते ठरवावे.

वाचक प्रामुख्याने महाराष्ट्रात असतील, तर सिंगापूरला तोड नाही. ऑप्टिकल फायबरमधून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरच्या जाण्यायेण्याला किमान १० मिलिसेकंद लागतात. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, अ‍ॅमस्टरडॅम ७,००० च्या आसपास आणि आइसलँडची राजधानी रेक्याविक ८,००० हून अधिक दूर आहे. समुद्राखालच्या केबल वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्ष वेळ याहून बराच वाढतो. सुरक्षित जोडणी जुळून पानाचा पहिला मजकूर येईपर्यंत अशा साधारण तीन फेऱ्या होतात, त्यामुळे एका फेरीला १५० मिलिसेकंद लागत असतील तर वाचकाचा जवळपास अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात जातो. सीडीएन, म्हणजे संकेतस्थळाच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा, लावल्यास चित्रे आणि तयार पाने वाचकाच्या जवळून पोहोचतात, पण शोध, प्रतिक्रिया आणि आपले स्वतःचे संपादनाचे पान यांना मूळ सर्व्हर गाठावाच लागतो. शिवाय युरोपकडे जाणाऱ्या अनेक केबल तांबड्या समुद्रातून जातात; सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ त्यांतील काही तुटल्या, तेव्हा भारतातील जोडण्याही मंदावल्या होत्या.

तक्रारींचा प्रश्न मात्र अंतराने सुटत नाही आणि तिथे युरोपचे पारडे जड होते. अमेरिकी होस्ट तेथील कॉपीराइट कायद्यानुसार नोटीस मिळताच मजकूर उतरवतो. आपण प्रतिनोटीस दिली तरी तो परत यायला कामकाजाचे १० ते १४ दिवस लागू शकतात. पुस्तक परीक्षणात चार ओळी उद्धृत केल्या म्हणून कुणी सूडाने नोटीस पाठवली, तर चर्चा ताजी असतानाच लेख गायब होतो. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला असून, मजकूर काढताना होस्टने त्याची कारणे ग्राहकाला कळवणे त्यात बंधनकारक आहे. नेदरलँड्समध्ये हे संरक्षण मिळते, आणि अ‍ॅमस्टरडॅमला जगातील मोठ्या इंटरनेट एक्स्चेंजपैकी (अनेक कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणांपैकी) एक असल्याने युरोप व अमेरिकेतील मराठी वाचकांनाही पान चटकन उघडते.

आइसलँडची ख्याती याहून मोठी आहे. तेथील संसदेने १६ जून २०१० रोजी अभिव्यक्तिस्वातंत्र्याला आणि पत्रकारांच्या स्रोतांना भक्कम संरक्षण देण्याचा ठराव केला. मात्र त्या ठरावातील सर्व शिफारशींचे कायदे झालेले नाहीत, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. शोधपत्रकारिता करणाऱ्याने तिथला जादा खर्च आणि विलंब जरूर पत्करावा, पण पाककृती, प्रवासवर्णने किंवा गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याची गरज आहे असे मला वाटत नाही.

कुठलाही देश निवडला तरी लेखक भारतात राहतो, त्यामुळे भारतीय कायदा त्याला लागू राहतोच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली संकेतस्थळ बंद करण्याचा आदेश निघाला, तर येथील इंटरनेट कंपन्या ते अडवतात. सर्व्हर रेक्याविकला असल्याने काहीच फरक पडत नाही. डॉट कॉम डोमेनची मुख्य नोंदवहीही अमेरिकेतील कंपनीकडे आहे, हे ध्यानात ठेवावे.

पैसे भरण्याची बाब क्षुल्लक वाटते, पण मला तिनेच फटका दिला. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आपोआप होणाऱ्या वसुलीवर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि माझ्या परदेशी होस्टचे रिन्युअल बँकेने नाकारले. होस्टची सूचना स्पॅममध्ये पडून राहिली आणि आठ वर्षांचे लेखन असलेले संकेतस्थळ चार दिवस बंद होते. तेव्हापासून मी वर्षाचे पैसे एकरकमी भरतो आणि मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवतो. किमतीवर १८ टक्के जीएसटी लागू शकतो, तोही हिशेबात धरावा.

बॅकअप होस्टच्याच आवारात ठेवू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत भस्मसात झाली, तेव्हा अनेक ग्राहकांचे बॅकअपही मूळ माहितीबरोबर गेले. म्हणून वर्षभराचे पैसे भरण्यापूर्वी एक महिन्यापुरते होस्टिंग घ्यावे, घरच्या डिस्कवरील बॅकअप त्या नव्या सर्व्हरवर चढवावा आणि सर्वांत जुना लेख उघडून पाहावा. डेटाबेसचे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) चुकलेले असेल, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात. ‘ळ’, ‘ज्ञ’ आणि रफार जागच्या जागी दिसले, तरच जुन्या होस्टचे खाते बंद करावे.