मिरजेचा सपाट तंबोरा : उन्हाळा-पावसाळा ओलांडल्यानंतरचा अनुभव

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील एका कारागिराकडून गेल्या हिवाळ्यात घेतलेल्या सपाट तंबोऱ्याने आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहिले आहेत, त्यामुळे त्याविषयी विश्वासाने लिहिता येईल असे वाटते. या वाद्याला भोपळा नाही. भोपळ्याच्या जागी तून लाकडाची, जेमतेम तीन इंच खोलीची आणि पाठीमागून किंचित फुगीर अशी पेटी आहे. एकूण लांबी सुमारे तीन फूट असून, लाकडी खुंट्यांऐवजी गिटारला असतात तशा धातूच्या किल्ल्या बसवलेल्या आहेत. चार तारा, बारीक जुळवणीचे मणी, तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची घोडी आणि झंकार खुलवण्यासाठी तारेखाली घातलेला जवारीचा दोरा मात्र मोठ्या तंबोऱ्यासारखेच आहेत.

मी गाणे शिकवते, माझी पट्टी पांढरी पाच (हार्मोनियमच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी हा माझा सा) आहे आणि प्रवास बराच होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमाकाठी पिकणाऱ्या भोपळ्यांचे तंबोरे नादाला अप्रतिम असले, तरी रेल्वेतल्या एका धक्क्याने त्यांना तडा जाऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर विद्यार्थ्यांचा कान तयार व्हावा हे मला पटत नाही, कारण तारा स्वतः जुळवताना षड्ज जसा उमगतो तसा तो बटण दाबून उमगत नाही. म्हणून हा पर्याय निवडला.

पातळ अंगाच्या गिटारबद्दल जी शंका घेतली जाते तीच येथेही येते : पेटीतली हवा कमी झाली की खालचे स्वर दुबळे पडतात. पांढरी पाचमध्ये खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची, तार सेकंदाला 98 कंपने करते आणि इतक्या संथ कंपनांना साथ द्यायला ही पेटी लहान आहे. माझ्या जुन्या तंबोऱ्याचा खर्ज मांडीला आणि सतरंजीलाही जाणवतो, याचा जाणवत नाही. ही उणीव खरी आहे आणि कोणत्याही कारागिरीने ती पूर्णपणे भरून निघेल असे मला वाटत नाही.

मात्र तंबोऱ्याचा खर्ज आपण केवळ मूळ कंपनातून ऐकत नसतो. घोडीचा माथा रुंद आणि अलगद उतरता असल्यामुळे कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि त्यातून उपस्वरांची, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांची, दाटी निर्माण होते. तार जेथे छेडली जाते त्या जागेमुळे नेहमीच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर गळायला हवेत, तेही तंबोऱ्यात उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये मांडले होते. या उपस्वरांवरून कान मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. म्हणूनच पातळ तंबोऱ्याचे यश पेटीपेक्षा जवारीवर, म्हणजे घोडीचा माथा घासून साधलेल्या या झंकारावर, अधिक अवलंबून आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. माझ्या कारागिराने जवारी इतकी जीव लावून काढली होती की खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार, म्हणजे 98 च्या पाचपट 490 कंपनांचा स्वर, मोठ्या तंबोऱ्यापेक्षाही स्पष्ट ऐकू येतो. लहान पेटी त्या उंचीच्या स्वराला मोकळेपणाने दाद देते. यमन शिकवताना विद्यार्थिनींना गंधार दाखवावा लागत नाही, त्या तो तंबोऱ्यातूनच उचलतात.

या रचनेची दुसरी बाजू तारांच्या ताणाची आहे. लांबी कमी असल्यामुळे त्याच पट्टीला तारा सैल राहतात आणि खर्जाची तार जोराने छेडली तर स्वर आधी चढा लागून मग खाली बसतो. बोटाच्या मांसल भागाने अगदी हलके छेडण्याची सवय करून घ्यावी लागते. दोऱ्याची जागाही फार नाजूक असते, केसभर सरकला तरी नाद बंद होतो. मालकंसासाठी पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवली की ती आणखी सैल होते आणि तिचा झंकार थोडा फिका पडतो. मारव्यासाठी निषादावर चढवली तर उलट ती छान बोलते.

पावसाळ्यात किल्ल्या अडकल्या नाहीत, ही मोठीच सोय झाली. लाकडी खुंट्या त्या दिवसांत फुगून घट्ट बसतात. परंतु दमट हवेने तबली, म्हणजे घोडीखालची लाकडी फळी, किंचित उचलली गेली आणि जोडाच्या (मधल्या, सा मध्ये जुळवलेल्या) दोन्ही तारांची जवारी बंद झाल्यासारखी वाटू लागली. त्यातच पोलादी तारांनी घोडीवर बारीक चरे पाडले होते. पाऊस सरल्यावर मिरजेला नेऊन जवारी पुन्हा काढून घेतली आणि वाद्य पूर्ववत बोलू लागले. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य लाभलेल्या आणि 2024 मध्ये सतार-तंबोऱ्यासाठी भौगोलिक मानांकन मिळालेल्या या गावात कानसेचे दोन हात कुठे आणि किती मारायचे हे जाणणारी माणसे अजून आहेत, याचे मला मनापासून समाधान वाटते. त्यांच्यापासून दूर राहणाऱ्यांनी वाद्य घेताना या दुरुस्तीचा विचार जरूर करावा.

भोपळ्याचा आधार नसल्यामुळे हा तंबोरा उभा धरून फार वेळ वाजवता येत नाही, तो घसरतो. मांडीवर किंवा जमिनीवर आडवा ठेवणेच बरे. सोबत मिळालेली कापडी पिशवी अगदीच पातळ होती, मी नंतर कडक खोका करून घेतला. तीन फुटांची लांबी असल्यामुळे विमानात तो हातातले सामान म्हणून नेण्याची परवानगी दर वेळी मिळेल असे धरून चालू नये.

मैफलीत मागे साथीला मी अजूनही भोपळ्याचेच तंबोरे ठेवते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषांना तर सपाट तंबोरा मुख्य वाद्य म्हणून सुचवणार नाही, कारण तेथे खर्ज 69 कंपनांच्या आसपास उतरतो आणि इतक्या लहान अंगाकडून त्याची अपेक्षा करणे योग्य नाही. घ्यायचाच असेल तर दुकानात स्वतःच्या पट्टीत जुळवून मागावा, दुसऱ्या कोणाला तरी छेडायला सांगून आपण चार हात दूर बसावे आणि खर्जामागून गंधार येतो का ते ऐकावे. तो येत नसेल तर पैसे देण्यापूर्वीच जवारी पुन्हा काढायला सांगावी.