लवचीक पिव्हट: लहान कोनांसाठी बेअरिंगचा समर्थ पर्याय

आरसा अतिशय सूक्ष्म कोनातून फिरवण्यासाठी बॉल बेअरिंगऐवजी बसवलेला हा नळीच्या आकाराचा लवचीक पिव्हट (ज्याच्याभोवती भाग फिरतो तो आधार) मला मनापासून आवडला. त्याच्या आत एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या पातळ पट्ट्या आहेत आणि फिरण्याची क्रिया केवळ त्यांच्या वाकण्यातून घडते. पृष्ठभाग एकमेकांवर घासतच नसल्यामुळे सुरुवातीचा अडकाव नाही, ढिलेपणा नाही आणि वंगणाचीही गरज नाही.

कमी जोर लागण्याचे मर्म पट्टीच्या जाडीत आहे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून जाडी निम्मी केली की तो आठव्या हिश्शावर येतो आणि त्याच कोनासाठी पट्टीतील ताणही निम्मा होतो. मात्र पट्ट्या दाबल्या जात असतील, तर भार पेलण्याची क्षमताही तितक्याच झपाट्याने घटते. या नमुन्यात हा तोल फार विचारपूर्वक साधला आहे.

उणीव आहे ती अक्षाच्या स्थिरतेत. कोन वाढतो तसा फिरण्याचा मध्य सरकतो, आणि मध्यावर छेदणाऱ्या पट्ट्यांत हे सरकणे साधारणपणे कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. छेदनबिंदू एका टोकापासून लांबीच्या सुमारे १२.७ टक्क्यांवर ठेवल्यास ते पुष्कळ कमी होते. उत्पादकाने तसा पर्याय द्यायलाच हवा होता. काही अंशांच्या आतील अचूक कामासाठी मी हा पिव्हट निःशंकपणे सुचवेन, पूर्ण फेरा हवा असेल तेथे मात्र बेअरिंगच घ्यावे.