मुळं वास्तव नसतील तेव्हा: कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस

दहावीला वर्गसमीकरणाचा विवेचक (बी² − ४एसी) ऋण आला की ‘मुळे वास्तव नाहीत’ लिहून पुढचा प्रश्न घेता येतो. इंजिनिअरिंगला मात्र तीच मुळं काढावी लागतात, आणि त्या कामाला हा कॅल्क्युलेटर अगदी योग्य आहे.

मोड, ५, मग ३. क्ष² + २क्ष + ५ = ० साठी १, २, ५ भरायचे, प्रत्येकानंतर ‘=’. पुन्हा ‘=’ दाबलं की −१+२आय (आय म्हणजे √−१), आणखी एकदा दाबलं की −१−२आय. बहुतेक मुलं इथेच थांबतात. थांबू नका. पुढे दोनदा ‘=’ दाबल्यावर आलेखाचा लघुतम बिंदू दिसतो: एक्स −१, वाय ४. म्हणजे वक्र एक्स-अक्षाच्या चार एकक वरच वळतो, अक्षाला शिवतच नाही. वास्तव मूळ येणार कुठून? त्यातला −१ हाच मुळांचा वास्तव भाग. ४ ला क्ष² च्या सहगुणकाने, इथे १ ने, भागून वर्गमूळ घ्या: २, हा काल्पनिक भाग. विवेचक ऋण असलेल्या कुठल्याही वर्गसमीकरणाचा ताळा असा करता येतो, आणि सूत्र का चालतं हेही त्यातून कळतं.

चुका होतात त्या भरताना. क्ष² = ४क्ष − १३ हे आधी एका बाजूला आणा: १, −४, १३, उत्तर २±३आय. घाईत १, ४, −१३ भरलंत तर वास्तव मुळं येतात आणि शंकाही येत नाही. शिफ्ट-सॉल्व्हच्या, म्हणजे कुठलंही समीकरण सोडवणाऱ्या बटणाच्या, वाटेला जाऊ नका. ते न्यूटनच्या पद्धतीने वास्तव संख्यांतच शोधतं, त्यामुळे इथे ‘कान्ट सॉल्व्ह’ म्हणतं.

जुना ९९१एमएस स्वस्तात मिळाला तरी या कामासाठी घेऊ नये. तो आधी फक्त वास्तव भाग दाखवतो; कोपऱ्यातली ‘आर-आय’ खूण पाहून शिफ्ट आणि ‘=’ दाबलं तरच काल्पनिक भाग येतो. परीक्षेच्या घाईत ती खूण हमखास सुटते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेणार असाल तर दुकानातच मॅथ डिस्प्ले (अपूर्णांक आणि करणी वहीतल्यासारखे दाखवणारी मांडणी) लावून ३, −२, १ भरून पाहा. उत्तर १/३ ± (√२/३)आय असं, करणीसकट यायला हवं. इलेक्ट्रिकलवाल्यांनी पेपरात ‘आय’च्या जागी ‘जे’ लिहावं, आणि विवेचकाची पायरी सगळ्यांनीच हाताने मांडावी. ती यंत्र दाखवत नाही.