बेळगावच्या टिळकवाडीतला ‘सिंगापूर गणित’ क्लास: शिकवणं चांगलं, जाहिरात फसवी

मुलगी चौथीत आहे, मराठी माध्यमात. तिला घातलेल्या क्लासबद्दल उद्यमबागेतले कामावरचे सोबती सारखे विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. क्लासचं नाव मुद्दाम देत नाही.

शिकवणं खरंच चांगलं आहे. एकदा तिला आणायला लवकर पोचलो आणि दारात उभा राहून ऐकलं. मॅडमनी गणित घातलं: दोन डब्यांत मिळून १ किलो कुंदा (आपली बेळगावची खव्याची मिठाई), मोठ्या डब्यात लहान डब्यापेक्षा २०० ग्रॅम जास्त, तर कशात किती? पोरं एका सुरात ओरडली, ‘८०० आणि २००!’ मॅडम चूक म्हणाल्या नाहीत की बरोबर म्हणाल्या नाहीत. फळ्यावर एकाखाली एक दोन पट्ट्या काढल्या, लांब पट्टीचा जास्तीचा तुकडा खडूनं रंगवला आणि तो तळहातानं झाकला. राहिल्या दोन सारख्या पट्ट्या, मिळून ८०० ग्रॅमच्या. मागच्या बाकावरचं एक पोरगं हळूच म्हणालं, ‘४०० आणि ६००.’ आम्ही याच गणिताला हायस्कुलात ‘क्ष’ मानत बसायचो. १९८० च्या दशकात सिंगापूरच्या सरकारी अभ्यासक्रमात रुजलेली ही पट्ट्यांची रीत आता घरीही चालू आहे. किराणाचा हिशोब करताना पोरगी मलाच दटावते, ‘बाबा, आधी पट्टी काढ की!’

कुंदा मात्र मॅडमचा स्वतःचा. छापील वर्कशीटवर सगळे डॉलर आणि स्ट्रॉबेऱ्या. हाताळायचे ठोकळे एका टेबलाला एकच डबा, त्यावरून भांडणं. ‘छोटी बॅच’ म्हणतात, पण बाकावर तीन-तीन मुलं बसतात.

आता जाहिरात. जिन्यातच मोठा बोर्ड: ‘गणितात सिंगापूर जगात १ ला, भारत ७३ वा.’ पहिला अर्धा भाग खरा. १५ वर्षांच्या मुलांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ साली सिंगापूरचे गणिताचे गुण ५७५, ओईसीडी म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी ४७२. चौथी-आठवीच्या मुलांच्या टिम्स या तशाच दुसऱ्या चाचणीतही २०२३ ला चौथीत सिंगापूरच वर, ६१५. पण या दोन्ही फेऱ्यांत भारत नव्हताच. बोर्डावरचा ७३ बहुधा पिसाच्या २००९ च्या फेरीतून उचललेला, आणि तीत भारतातली तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोनच राज्यं बसली होती. पहिल्या आलेल्या चीनच्या शांघायला ६००, तमिळनाडूला ३५१, हिमाचलला ३३८. एकूण ७४ देश-प्रदेशांत आपली ही दोन्ही शेवटून मोजायची. निकाल वाईट होता, यात वाद नाही. पण दोन राज्यांवरून अख्खा भारत कसा काय? बेळगाव कर्नाटकात धरा नाहीतर महाराष्ट्रात, त्या यादीत आपण नाहीच.

याहून खटकली ती शेवटची ‘इंटरनॅशनल टेस्ट’. ९०० रुपये वेगळे, आणि म्हणे मुलाचा जागतिक रँक मिळतो. मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आम्ही लॉटमधले थोडे कास्टिंग (ओतीव भाग) उचलून मोजतो आणि निकाल लॉटचा देतो, पिसा-टिम्सचंही तसंच. प्रत्येक मुलाला प्रश्नांचा थोडाच भाग येतो, सगळे प्रश्न कुणीच सोडवत नाही. मुलाला वैयक्तिक गुण मिळत नाहीत, मग रँक कुठून येणार? ऑफिसात विचारलं तर ‘आमचा स्वतःचा पॅटर्न आहे सर’ एवढंच उत्तर. मी पैसे भरले नाही.

खरे प्रश्न बघायचे असतील तर पिसाचे जुने प्रश्न नेटवर फुकट आहेत. एक फुजी डोंगराचा: १ जुलै ते २७ ऑगस्ट एवढाच तो चढायला खुला, तेवढ्यात सुमारे २ लाख लोक चढतात, तर रोजचे अंदाजे किती? पोरीनं मुठीच्या उंचवट्यांवर जुलैचे ३१ मोजले, त्यात २७ मिळवले आणि भागाकाराला अडली. ५८ ला ६० धर म्हटल्यावर ३,४०० च्या पर्यायावर बोट ठेवलं. आमच्या शिफ्टमधल्या एका इंजिनिअरला तोच प्रश्न घातला तर त्यानं आधी मोबाइल काढला.

तीन महिन्यांची फी ४,५०० आहे, तेवढी भरायला हरकत नाही. घालायचंच तर शनिवारच्या बॅचला घाला, कुंदावाल्या मॅडम त्याच दिवशी असतात. रविवारचे सर नुसती वर्कशीट वाटतात. मॅडम कानडी-मराठी दोन्हीत समजावतात, त्यामुळे मराठी शाळेतल्या मुलांचं अडत नाही. टेस्टची पावती पुढं केली तर नको म्हणा, त्यावरून मुलाला कुणी काढत नाही.