पारदर्शक स्फटिकाची ओळख: ओरखडा, आम्ल, वजन की नजर?

पुणे, नाशिक आणि जळगाव परिसरातील दगडखाणींत काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांतून निघालेला पारदर्शक स्फटिक हाती आला, की तो क्वार्ट्झ, कॅल्साइट की ॲपोफायलाइट असा प्रश्न नव्या संग्राहकाला पडतो आणि तो बहुधा आधी ओरखडा काढून पाहतो. 1 ते 10 च्या मोह्स मापावर कॅल्साइटची कठिनता 3, ॲपोफायलाइटची 4.5 ते 5 आणि क्वार्ट्झची 7 असल्याने उत्तर मिळते, हे खरे; पण पोलादी चाकूचा चरा पहिल्या दोघांवर कायमचा उठतो आणि नमुन्याचे मोल तिथेच उतरते.

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने कॅल्साइट फसफसतो. क्वार्ट्झ आणि ॲपोफायलाइट यांतला फरक मात्र या कसोटीने चटकन कळत नाही, शिवाय ॲपोफायलाइटला आम्लाने इजा होते. म्हणून ती घ्यायचीच असेल, तर गळून पडलेल्या कणावरच घ्यावी.

सुट्या स्फटिकासाठी माझी पसंती विशिष्ट गुरुत्वाला, म्हणजे तो तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे या मापाला आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेला स्फटिक तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावा; कोरड्या वजनाला काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने भागले, की विशिष्ट गुरुत्व मिळते. 23.5 ग्रॅमचा ॲपोफायलाइट साधारण 10 ग्रॅम दाखवील, तेवढ्याच वजनाचा क्वार्ट्झ 8.9. क्वार्ट्झ (2.65) आणि कॅल्साइट (2.71) यांतले अंतर मात्र इतके थोडे आहे, की दोऱ्याला चिकटलेला हवेचा बुडबुडाही निकाल फिरवू शकतो.

स्फटिक खडकाला चिकटलेला असेल, तर ही रीत चालत नाही आणि दहापट भिंगच कामी येते. क्वार्ट्झच्या उभ्या पृष्ठांवरील रेषा आडव्या असतात, तर ॲपोफायलाइटच्या उभ्या. ॲपोफायलाइटचा आडवा छेद चौकोनी असून त्याच्या पाटनाच्या (जिथे तो सहज सपाट फुटतो त्या) पृष्ठावर मोत्यासारखी चमक दिसते. स्वच्छ कॅल्साइटमधून पाहिल्यास छापील अक्षर दुहेरी दिसते. खरेदीपूर्वी विक्रेत्यासमोर निःसंकोच करता येण्याजोगी तपासणी हीच.

प्रयोगशाळेचा खर्च या तिघांसाठी क्वचितच करावा लागतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या कॅव्हान्साइट या निळ्या खनिजाची गोष्ट निराळी आहे: त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या पेंटागोनाइट या खनिजाचे रासायनिक संघटन अगदी तेच असल्याने रासायनिक विश्लेषणाने दोन्ही वेगळे करता येत नाहीत. तिथे स्फटिकरचनाच तपासावी लागते आणि क्ष-किरण विवर्तनासाठी (क्ष-किरणांनी रचना ओळखण्याच्या पद्धतीसाठी) सहसा चिमूटभर पूड करावी लागत असल्याने, महागड्या नमुन्यासाठी लेसर प्रकाशाने पूड न करता होणारी रामन वर्णपटाची तपासणी अधिक सोयीची ठरते.